एकसारख्या धरलेल्या खोल्या

६ फेब्रुवारी

सकाळी ऑफिसात पोचले तर रन मधेच बंद पडलेला. संगणक रात्रभर घोंघावत राहिला आणि ऑक्टोबरात येऊन अडकला. खरा ऑक्टोबर नव्हे, इमारतीचा.

आमचा धंदा काय, हे कुणाला सांगायचं म्हणजे पंचाईतच असते. आई सगळ्यांना सांगते, "आमची मोठी ऊन मोजते." तसं ते चूकही नाही. इमारत उभी राहायच्या आधी आम्ही ती संगणकात उभी करतो आणि तिला अख्खं वर्ष जगायला लावतो. कुठल्या खोलीत कधी ऊन शिरेल, भिंती किती तापतील, गारव्याला किती वीज लागेल, सगळं तासातासाने काढतो. इमारतीच्या अशा एका वर्षाला आम्ही रन म्हणतो, आणि त्याला आमची एक रात्र लागते. खिडकी चार बोटं रुंद केली की पुन्हा वर्ष, पुन्हा रात्र.

सध्याची इमारत म्हणजे वृद्धनिवास. सांगाडा उभा राहिलाय, काचा आणि गारव्याची यंत्रं ठरायची आहेत. तिचा आराखडा करणाऱ्या वास्तुरचनाकारांना आम्ही नुसतं 'बाई' म्हणतो. त्यांना रोज नवीन काहीतरी सुचतं. आज सर म्हणाले, "बाई चहा पितायत तोवर उत्तर हातात पडलं पाहिजे. ही रात्र-रात्र पुरे झाली. काहीतरी डोकं चालव."

दुपारी धाकटीचा फोन. "ताई, आज येतेस का? आईला आंघोळ घालायचीय आणि माझी कंबर धरलीय." मी म्हटलं, रन पडलाय, पुन्हा लावून द्यायचाय, थांबावं लागेल. "बरं," म्हणाली. रन पडल्याचं ते खरंच होतं.

११ फेब्रुवारी

किती दिवसांनी कामात असा आनंद झाला. जेवायचंही भान नव्हतं.

आधी मधले मजले. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा सगळे सारखेच, मग चारदा कशाला मोजायचे? एक मोजला आणि चारने गुणला. मग खोल्या. उत्तरेच्या ओळीतल्या सगळ्या खोल्यांना तीच खिडकी, तीच भिंत, तेच आकाश. त्यांची एक खोली केली. शेजारच्या टेबलावर नकाशेवाला बसतो, इमारत संगणकात तोच उभी करतो. त्याने एवढ्या मेहनतीने घातलेल्या भिंती मी पुसत होते तेव्हा तो हातावर हात ठेवून बघत होता.

"म्हणजे इतक्या माणसांची एक खोली, मॅडम?"

"एक खोली, तितक्या वेळा."

"भांडतील हो म्हातारी माणसं."

मग सावल्या. सूर्याची जागा रोज नव्याने काढायची काय गरज? पंधरवड्यातून एकदा काढली तरी बेरजेत फरक पडत नाही. संध्याकाळी रन लावला तो मी डबा धुऊन येईपर्यंत निम्म्यावर आला होता. रात्रीचं काम तासाभरावर आलं, आणि वर्षाच्या विजेचा एकूण आकडा जवळजवळ तोच.

धाकटीला फोन करून सांगावंसं वाटलं. मग म्हटलं, तिला काय त्यातलं कळणार.

१५ फेब्रुवारी

सरांना तासही जास्त वाटतो. सोमवारी बाई येणार, त्यांच्यासमोर खिडकी बदलायची आणि समोरच उत्तर दाखवायचं, असं त्यांनी कबूल करून टाकलंय.

सगळं करून झालं होतं. वेळ खात होत्या त्या पश्चिम टोकाच्या खोल्या. दर मजल्यावर एक, कोपऱ्यातली. तिला उत्तरेची काच आहेच, शिवाय पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत दुसरी. ती वेगळी ठेवली की तिच्यासाठी सूर्य वेगळा, सावल्या वेगळ्या, सगळंच वेगळं मोजावं लागतं.

नियम मला पाठ आहे. ज्या खोल्यांचं तोंड वेगळ्या दिशेला त्या एकत्र करायच्या नाहीत. ऑफिसात नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मीच त्याला हे सांगते.

आज दुपारी त्या ओळीत ढकलल्या. एकूण आकडा केसभर हलला. रन वीस मिनिटांवर आला. तात्पुरतं आहे, सोमवारचा दिवस पार पडला की परत वेगळ्या करीन.

१७ फेब्रुवारी

झालं ते झकास झालं. बाईंनी खिडकीची उंची सांगितली, मी बदलली, चहा आला, सरांनी त्यांच्या मुलाच्या शाळेचा एक लांबलचक किस्सा सांगितला आणि किस्सा संपायच्या आत पडद्यावर आलेख. बाई फार बोलत नाहीत. चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "हे जादूसारखं आहे." आणखी तीन पर्याय बघितले. जाताना मला विचारलं, "मग याच्यावर काचा सांगून टाकते. यंत्रंही. चालेल ना?"

मी हो म्हटलं नाही. मान हलवली.

सर पलीकडेच उभे होते, त्यांचा चेहरा इतका फुललेला. तिथे 'थांबा, टोकाच्या खोल्या राहिल्यात' असं म्हणणं जिवावर आलं. काचा मागवायला त्यांना आठवडे लागतील, तोवर दुरुस्त करते.

सहाच्या आत घरी. धाकटीचा फोन आला, आईला रात्री उताणं-कुशीवर करायला तिला कुणीतरी हवं होतं, तिचा नवरा परगावी गेलाय. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, रन चालूय." पन्नासदा म्हटलेलं वाक्य, जीभ आपोआप वळते. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. पुन्हा करून काय सांगणार होते? मग कपड्यांना इस्त्री केली. बऱ्याच दिवसांची साठली होती.

२४ फेब्रुवारी

डोकं सुन्न आहे. धाकटी म्हणाली, आईला वृद्धनिवासात ठेवायचं. आणि कुठल्या, तर आमच्याच इमारतीत. नावनोंदणी सुरू झालीय म्हणे.

"आईला विचारलंस?"

"तिनेच विषय काढला."

"तुला बरं वाटावं म्हणून काढला असेल."

मग म्हणाली, "असेल. तू ये एकदा, बोल तिच्याशी."

आईचं अंग एका बाजूने लुळं पडलं त्याला तीन वर्षं झाली. आम्ही दोघींनी मिळून तिला सांभाळलं. ती धाकटीकडे राहते एवढंच, कारण धाकटीचं घर तळमजल्यावर आहे. तिने बालवाडीची नोकरी सोडली, पण तिलाही तिथला कंटाळा आलाच होता. मी औषधं पाठवते, डॉक्टरांशी फोनवर मीच बोलते. मिळून चाललं होतं की सगळं. आणि आता अचानक एकीने हात वर करायचे. मनात आलं, थोडा धीर धरता आला असता तिला.

२६ फेब्रुवारी

आज टोकाची खोली वेगळी काढून मोजली. फक्त तीच एक.

बघवत नाही. दुपारी तीनपासून दिवेलागणीपर्यंत पश्चिमेची काच नुसती आग ओतते. यंत्र प्रत्येक खोलीला सारखंच, ओळीच्या हिशेबाने दिलेलं. मधल्या खोल्यांना ते पुरून उरतं. टोकाच्या खोलीत उन्हाळ्याचे तीन महिने ते बिचारं धापा टाकत बसतं आणि खोली काही गार होत नाही. धडधाकट माणूस उठून बाहेर जाईल. ही इमारत उठता न येणाऱ्यांची आहे.

एकूण आकडा मात्र अजूनही बरोबरच. त्यानेच फसवलं, असं लिहिणार होते. आकड्याने नाही फसवलं.

नकाशेवाल्याने विचारलं, काय झालं, पाणी आणू का.

२८ फेब्रुवारी

आईला घेऊन जागा बघायला गेलो. धाकटीने चाकाची खुर्ची गाडीत घालायची आणि काढायची तिची एक पद्धत केलीय, गुडघा लावून. मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू दे, मला सवय आहे, तुला लागेल."

आई मात्र खुलली होती. दुसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट चालू आहे. आजूबाजूला नुसतं सिमेंट, तारा लोंबतायत, पण ती प्रत्येक खोलीच्या दारात म्हणे, "इथे पलंग, इथे खुर्ची."

कोपऱ्यातल्या खोलीत एक गृहस्थ उभे होते. उंच, वाकलेले, डोक्यावर टोपी. काच अजून लागलेली नाही, त्यामुळे सगळं आकाश आत आलेलं. त्यांनी आपणहून ओळख करून दिली. चाळीस वर्षं दवाखान्यात क्ष-किरणांच्या फिल्मा धुतल्या. "आयुष्य अंधाऱ्या खोलीत गेलं. लाल दिव्यात. सकाळी जायचो तेव्हा दिवस, बाहेर यायचो तेव्हा काळोख. आता म्हटलं, सगळ्यात मोठी खिडकी असेल ती खोली माझी. ही घेतली मी." आईने लगेच त्यांना फिल्मकाका करून टाकलं, आणि दोघं खोलीत खुर्ची कुठे ठेवायची यावर वाद घालायला लागले.

दुपारचे चार वाजले असतील. माझ्या पाठीला ऊन लागत होतं आणि मी काही बोलले नाही.

खाली नोंदणीच्या टेबलावर विचारलं, खोलीबद्दल काही पसंती? मी धाकटीच्या आधी बोलले. "दुसरा मजला, पूर्वेची. मधली."

"का गं?" धाकटीने विचारलं.

"सकाळचं कोवळं ऊन चांगलं."

हे पण खरंच आहे. पूर्वेच्या मधल्या खोल्या त्या इमारतीतल्या सगळ्यात सुखाच्या आहेत, आणि हे पृथ्वीवर सध्या मला एकटीला माहीत आहे.

३ मार्च

सरांना सांगितलं. दार लावून घेतलं आणि सांगितलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पेन्सिल उचलली. मग विचारलं, "एकूण बरोबर आहे ना?"

"एकूण बरोबर आहे."

"करारात एकूणच आहे."

"हो. पण माणसं खोलीत राहतात, सर."

पेन्सिल फिरवत बसले. पुढच्या आठवड्यात ते एका मोठ्या कंपनीला आमची झटपट पद्धत दाखवणार आहेत. ते काम मिळालं तर नकाशेवाल्याला कायम करणार, हे त्यांनी त्याला सांगूनही टाकलंय. "मी तुला गप्प बस म्हणणार नाही," ते म्हणाले. "तू म्हणशील तसं. उद्या बाईंना फोन कर म्हणालीस तरी करीन. तूच ठरव."

मी म्हटलं, आधी पूर्ण इमारतीचा रन लावते, काहीही न जोडता, जुन्या पद्धतीने. खात्री करून घेऊ.

खात्री मला आहेच. रन लावला म्हणजे ठरवायचं उद्यावर जातं, एवढंच. आणि आज तोही लावला नाही. टेबल आवरलं, घरी आले.

७ मार्च

नकाशेवाला सहज म्हणाला, "परवा तुमच्या बहिणीचा फोन आला होता इथल्या नंबरवर. तुम्ही बाहेर गेला होतात. विचारत होत्या, मॅडमना रोज रात्री किती उशीर होतो. मी म्हटलं, कसला उशीर, मॅडमनी कमाल केलीय, चहा संपायच्या आत रन संपतो आता. सहाला ऑफिस रिकामं असतं." मोठ्या अभिमानाने सांगत होता.

पण धाकटी नंतर काही बोलली नाही, म्हणजे लक्षात आलं नसावं. हल्ली ती समजूतदार झालीय. दर संध्याकाळचा 'येतेस का' बंद झालाय. बहुधा आईचं ठरल्यामुळे तिचा जीव हलका झाला असेल. मलाही जरा निवांत वाटतं.

रन अजून लावलेला नाही.

१० मार्च

फिल्मकाका ऑफिसात आले. पत्ता आईने दिला. दोन जिने चढून आल्यामुळे बराच वेळ नुसते बसले. मग पिशवीतून कापडात गुंडाळलेल्या तसबिरी काढल्या. बायकोचे फोटो, सगळे त्यांनीच काढलेले, त्यांनीच धुतलेले. ती लग्नात, ती सायकलवर, ती खिडकीशी शिवताना.

"तुमच्या आई म्हणाल्या, तुम्ही ऊन मोजता. मला एवढंच सांगा, माझ्या खोलीत ऊन न पडणारी भिंत कुठली? हे जुन्या कागदावरचे आहेत, उन्हाने उडतील. उजेड मला पाहिजे, यांना नको."

मी संगणकावर बघितल्यासारखं केलं. बघायची गरज नव्हती. उन्हाळ्यात त्या खोलीतली प्रत्येक भिंत कधी ना कधी भाजते.

"काका, खोली बदलता का? अलीकडची घ्या."

"का? तिच्या भिंतीवर ऊन नाही का?"

"तिथे कमी आहे."

"आणि खिडकी?"

"लहान आहे."

हसले. "मग राहू द्या. यांना पलंगाखाली ठेवीन." एकेक तसबीर परत कापडात गुंडाळली. ते जिना उतरेपर्यंत मी सोबत गेले. खाली त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला वाटलं, त्यांनी तो लगेच काढून घ्यावा.

वर आले आणि बाईंना फोन लावला. सर नाही, नकाशेवाला नाही, रन नाही. उद्या सकाळी या, म्हणाल्या.

११ मार्च

बाईंचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली आणि लांबट टेबल. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"मोजून पाहिलं ते गेल्या महिन्यात. पण ज्या दिवशी खोल्या जोडल्या त्या दिवशीच माहीत होतं. असं जोडायचं नसतं."

"काचा गेल्या आठवड्यात कापून झाल्या."

गेल्या आठवड्यात मी रन लावायचं टाळत होते.

"आमच्याकडे चुका होतात," बाई म्हणाल्या. "मी स्वतः एकदा जिना विसरले होते. चूक सांगायला माणूस लगेच आला तर मी चहा मागवते." चहा मागवला नाही. आराखडा उलगडला, टोकाच्या खोल्यांवर लाल पेन्सिलीने खूण केली. मग वर न बघता विचारलं, "तुमचं कुणी राहणार आहे का इथे?"

"आई."

"कुठली खोली?"

हे विचारतील असं मला वाटलंच नव्हतं. "दुसरा मजला. पूर्वेची, मधली."

पेन्सिल थांबली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपण ज्याला ओळखत होतो तो हा नव्हे, अशा नजरेने. "असं," म्हणाल्या, आणि पुन्हा आराखड्यावर वाकल्या.

तिथपासून बसथांब्यापर्यंत मी कशी आले मला आठवत नाही.

१८ मार्च

ठरलं ते असं. पश्चिमेची काच निम्मी काढून तिथे भिंत. उरलेल्या काचेला बाहेरून झडपा. टोकाच्या खोल्यांना मोठं यंत्र. कापलेल्या काचा वाया. त्याचा भार सरांनी उचलला, मोठ्या कंपनीचं सादरीकरणही त्यांनीच पुढे ढकललं. "बरं केलंस सांगितलंस ते," म्हणाले, पण कपाटात काहीतरी शोधता शोधता. नकाशेवाल्याला कायम करायचं लांबलं. तो माझ्यासमोर नेहमीसारखाच वागतो, फक्त विनोद करत नाही.

सगळे पर्याय पुन्हा मोजतेय. टोकाच्या खोल्या वेगळ्या, वरचा मजला वेगळा, बाकी जोडलेलं. मधले मजले एकदाच मोजले तरी चालतात, ते तपासून पाहिलं, तिथे काही लपत नाही. आता रनला साधारण जेवणाच्या सुट्टीइतका वेळ लागतो. याहून खाली तो आणता येईल, पण कुणाला तरी त्यात चेपावं लागेल.

आईच्या खोलीचंही मागे घ्यावं म्हणून आज तिला फोन केला. म्हटलं, आई, आपण दुसरी घेऊया का? मी ती जरा गैर मार्गाने घेतलीय.

"म्हणजे पैसे चारलेस?"

"नाही गं. मला माहीत होतं ती चांगली आहे."

"मग चांगलीच घ्यायची ना. मी नाही बदलणार. माझा पलंगही ठरलाय कुठे ते."

झालं. म्हणजे ती खोली तशीच राहणार, आणि मला ती दर भेटीला दिसणार.

२३ मार्च

रविवार. सकाळीच धाकटीकडे गेले, न कळवता. मनाशी ठरवून गेले होते की रनचं सांगून टाकायचं.

ती मोरीत बसून चादर पिळत होती. आईची. मी दुसरं टोक धरलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि पीळ घालत राहिली.

"मी तुला खोटं सांगत होते," मी म्हटलं. "रन कधीच लवकर संपायला लागला होता."

"माहीताय."

"ऑफिसात फोन केलास तेव्हा?"

"हो." चादर झटकून दोरीवर टाकली. "राग नाही आला, ताई, खरंच. हसू आलं. तीन वर्षं मी त्या मशीनला शिव्या घातल्या. रोज संध्याकाळी. आई ऐकायची, म्हणायची, अगं त्या मुक्या यंत्राला काय बोलतेस. पण मशीनवर रागावलं की तुझ्यावर रागवावं लागायचं नाही. त्या मुलाने फोनवर सांगितलं, आणि माझं मशीनच गेलं."

मी म्हटलं, आपण दोघींनी मिळून केलं असं मी समजत होते.

"मिळून?" ती म्हणाली. चिमटे लावत राहिली, एक, मग दुसरा. तो एक शब्द माझ्या कानात दिवसभर होता.

आईला आज मी आंघोळ घातली. मला काही येत नव्हतं. आईच सांगत होती, "आधी पाणी तुझ्या हातावर घेऊन बघ. या बाजूला मला चटका कळत नाही." लुळ्या बाजूची त्वचा इतकी मऊ असते हे मला माहीत नव्हतं. पाठीवर एक जुना, भरून आलेला व्रण दिसला. विचारलं, हे कधी झालं? "मागच्या वर्षी. धाकटीने महिनाभर दर दोन तासांनी कूस बदलून बरं केलं." डॉक्टरांशी फोनवर मीच बोलते, असं मी इथे लिहिलंय. त्या महिन्यात मी त्यांच्याशी काय बोलत होते?

२ जून

आई काल राहायला गेली.

कोपऱ्यातली खोली आधी बघून आले. बाहेर ऊन रणरणत होतं, झडपा निम्म्या खाली, आत गार. फिल्मकाका खुर्चीत बसले होते, टोपी घालून. नव्या भिंतीवर बायकोचे फोटो ओळीने लावलेले. मला बघून म्हणाले, "तुम्ही ऊन मोजणाऱ्या ना? ही खिडकी अर्धी कुणी बुजवली, कळेल का?"

"मी, काका."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "यांची सोय झाली," म्हणाले. "माझी खिडकी गेली." आणि उरलेल्या काचेकडे खुर्ची वळवून बसले. खिडकी पूर्ण राहिली असती तर काय झालं असतं ते सांगून मी मोकळी होऊ शकले असते. नाही सांगितलं. ते सांगणं माझ्या सोयीचं झालं असतं.

आई तिच्या खोलीत राणीसारखी बसली होती. पलंग तिने म्हटला तिथेच. दोन शेजारणी येऊन गेल्या, पत्त्यांचा डाव ठरला. चार वाजता आम्हाला म्हणाली, "जा आता तुम्ही दोघी. मला कपडे लावून घ्यायचेत इथल्या कामाच्या मुलीकडून." धाकटी सगळं दोन-दोनदा सांगत होती, उशी कुठल्या बाजूला, गोळी कधी. आई म्हणाली, "अगं, पुरे. त्यांचं काम आहे ते." मी तिच्या गालाला हात लावला. धाकटीने लावला नाही, ती दारातूनच वळली.

बाहेर रस्त्यावर आलो तर ती उभीच राहिली. हात मोकळे, पिशवी नाही, खुर्ची नाही. मी म्हटलं, चल, रिक्षा बघूया.

"आता घरी जाऊन काय करू?" तिने विचारलं. खरोखर विचारत होती.

"माझ्याकडे चल."

घरी आल्यावर ती माझ्या पलंगावर जरा पाठ टेकते म्हणाली, चप्पलही नीट काढली नव्हती. मी चहा घेऊन गेले तेवढ्यात झोपली. चहा मीच प्यायले. संध्याकाळी तिच्या नवऱ्याला कळवलं, रात्री जेवायला उठवावं का याचा विचार केला, नाही उठवलं.

आता सकाळचे दहा वाजलेत. ऑफिसात फोन करून सांगितलं, आज येत नाही. सरांनी विचारलं, आई बऱ्या आहेत ना? म्हटलं, आई बरी आहे, बहीण झोपलीय. ते म्हणाले, बरं.

ती कुशीवर झोपलीय, एक हात उघडा, माझ्या बाजूला. तळहाताला चिरा पडल्यात, बोटांच्या पेरांवर कातडी जाड झालीय. माझ्या धाकट्या बहिणीचा हात आहे, आणि मी तो अनोळखी माणसाचा बघावा तसा बघत बसलेय. मधे एकदा ती झोपेतच दचकली, "उठते, आई," म्हणाली. मी म्हटलं, "आई झोपलीय, तू झोप." लगेच पुन्हा झोपली. खोटंच सांगितलं मी. आई यावेळी पत्ते खेळत असेल.

ऊन खिडकीतून पलंगापर्यंत आलं होतं. उठून पडदा ओढला आणि परत येऊन बसले.